तिसरा नळ

रंगाऱ्याला गावच्या कमिटीचा मेंबर केलं ते त्याच्या थोरल्या बहिणीने. मत तिला नव्हतं. बायकांना मत द्यावं असं त्या काळी कुणी थट्टेतसुद्धा म्हणत नसे. पण निवडणुकीच्या आधी आक्का गल्लीतल्या घराघरात जाऊन आली आणि प्रत्येक बाईच्या कानात एकच गोष्ट घालून आली: नवऱ्याला सांग, मत दुसऱ्याला दिलंस तर उद्यापासून घागर तू उचल. एवढ्यावर निवडणूक आटोपली. बाकीचे उमेदवार कोण होते हेही आता कुणाला आठवत नाही.

गल्ली रंगाऱ्यांची. घरोघरी रंगाच्या कढया आणि दोऱ्यांवर ओली कापडं. पिण्याला पाणी, रांधायला पाणी, कापड खळबळायला पाणी, आणि ते सगळं नदीवरून आणायचं. नदी खाली, गल्ली वर. बायका भरल्या घागरी घेऊन चढ चढायच्या, आणि आक्काचा डावा गुडघा तर चढ सुरू व्हायच्या आधीच कुरकुरायला लागायचा. धाकट्या भावाला तिने लहानाचं मोठं केलं होतं. तो निवडून आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला काही नको. गल्लीत नळ आण. तोटी फिरवली की पाणी, एवढं बघून मी मरायला मोकळी."

"मरायचं कशाला काढतेस? नळ आणतो," रंगारी म्हणाला. त्या दिवसापासून गल्लीने त्याचं नावच टाकलं. लहानथोर सगळे त्याला 'मेंबर' म्हणू लागले. वरवर चेष्टेत, पण आतून कौतुकाने.

आता ही कमिटी काय चीज होती ते सांगायला हवं. लोकांनी आपल्या गावचा कारभार आपण करावा म्हणून सरकारने ती काढली होती, आणि लोकांनी तो भलताच करू नये म्हणून तिच्या डोक्यावर गोरा साहेब बसवला होता. अर्धे मेंबर लोकांनी निवडलेले, अर्धे साहेबाने नेमलेले. सगळे एका लांब टेबलाभोवती बसत. टेबलावर हिरवं कापड, त्यावर शाईचा जुना डाग. खुर्च्या साध्या, पाठीच्या. हात असलेली खुर्ची एकच, ती साहेबाची.

पहिल्या सभेला धान्याचे व्यापारी असलेले शेटजी रंगाऱ्याच्या शेजारी बसले होते. कमिटीतलं जुनं खोड. त्यांनी हळूच समजावलं, "मेंबरसाहेब, इथं ठराव इंग्रजीत वाचतात. कारकून मागाहून अर्थ सांगतो, पण तोवर गाडी पुढे गेलेली असते. तुम्ही आपलं साहेबांच्या हाताकडे बघायचं. वर गेला की वर, खाली राहिला की खाली. या खोलीत कानाचं काम नाही, डोळ्यांचं आहे."

रंगाऱ्याला तेव्हा हसू आवरेना. घरी जाऊन त्याने आक्कापुढे नक्कल करून दाखवली: साहेबाचा हात, मग शेटजींचा, मग त्यांच्या पलीकडे बसणाऱ्या डॉक्टरांचा, एकामागून एक, कोंबडीमागे पिल्लं निघावीत तसे. आक्काही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पण पुढच्याच सभेत त्याने स्वतः तेच केलं. तिसऱ्या सभेत तेच. वर्ष गेलं आणि ते असं अंगवळणी पडलं, की आपण काही करतो आहोत हेच त्याला कळेनासं झालं. हसण्यावारी नेलेली गोष्ट माणसाच्या अंगात सगळ्यात लवकर मुरते.

मग नवा कायदा आला. अध्यक्ष आता मेंबरांनी आपल्यातून निवडायचा. साहेब सभेला आलाच तर पाहुणा म्हणून बाजूला बसणार, बोलणार नाही. गावात आनंदीआनंद झाला. अध्यक्ष म्हणून मेंबरांतले वकील निवडून आले. वकील मनाचे खरे होते. 'आपल्या घराला आपणच चावी लावायची,' असं ते चौकात उभं राहून सांगत, आणि ते काही नाटक नसे. पण त्या हातांच्या खुर्चीत बसायचं त्यांना धाडस झालं नाही. आपली साधी खुर्ची त्यांनी तिच्या बाजूला ओढून घेतली.

नव्या कारभारातली पहिली सभा, आणि पहिलाच ठराव नळाचा. गावाला नव्या तलावाचं पाणी नळीतून येणार होतं. एक नळ बाजारात, एक इस्पितळापाशी, हे आधीच ठरलेलं. तिसऱ्या नळीतून कचेरीसमोर कारंजं उडवायचं, असं जुन्या नकाशात कुणा इंजिनियरने काढून ठेवलं होतं. वकिलांनी ठराव मांडला, की कारंजं नको, तिसरा नळ रंगाऱ्यांच्या गल्लीत बसवावा. सभेआधी ते प्रत्येक मेंबरच्या घरी जाऊन आले होते. शेटजी हो म्हणाले, डॉक्टर हो म्हणाले, बाकीचेही म्हणाले. कारंजं हवं असं म्हणणारा एक माणूस गावात नव्हता. सकाळी निघताना रंगाऱ्याने आक्काला सांगितलं, "आज घागर पालथी घालून ठेव. काम झालं म्हणून समज."

सभेला साहेब आला. आपल्या त्या खुर्चीत बसला आणि पायावर पाय टाकून गप्प राहिला. उकडत होतं. वर कापडी पंखा टांगलेला, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडवीत गेलेली, आणि पडवीत बसून ती ओढणारा पंखेवाला डुलक्या घेत होता. उघड्या दारातून साहेबाला तो दिसत होता. आमच्या मेंबरांचं तिकडे लक्षच नव्हतं.

वकिलांनी ठराव वाचला, या वेळी आपल्या भाषेत. वाचून झाल्यावर जुन्या रिवाजाप्रमाणे आधी विरोध विचारला. विरोध कधी नसायचाच, म्हणून तो आधी उरकून टाकायची पद्धत होती. "कुणी विरोधात असल्यास हात वर करावा," वकील म्हणाले आणि पुढचा कागद उचलायला लागले.

साहेबाचा हात वर गेला.

शेटजींचा गेला. डॉक्टरांचा गेला. टेबलाभोवती एकेक करत सगळे गेले. आणि त्यांत एक हात कोपरापर्यंत निळा होता. रंगारी आपल्या हाताकडे बघत राहिला. तो कुणी दुसऱ्यानेच उचलल्यासारखा वर होता, आणि रंग असा, की दुसऱ्या कुणाचा म्हणायची सोय नव्हती. वकिलांनी हात वर केलेल्यांवरून नजर फिरवली, साहेबाकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांचाही हात वर गेला.

तेवढ्यात पडवीतली दोरी ताणली गेली. पंखा करकरला आणि हलू लागला. खोलीत वारा आला, हिरव्या कापडाची कड फडफडली, आणि साहेबाने हात खाली घेऊन रुमालाने मान पुसली. त्याने पंखेवाल्याला खूण केली होती.

गार वाऱ्यात सगळ्यांना घाम फुटला. कळलं सगळ्यांना, एकदमच कळलं. पण बोलणार काय? पुन्हा मत घ्या म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. आम्ही ठराव ऐकलाच नाही, तुमच्या हाताकडे बघत होतो, हे त्याच हाताच्या धन्यासमोर कोण बोलेल? शेटजी शाईच्या डागाकडे टक लावून बसले. रंगाऱ्याच्या जिभेवर शब्द आले होते. ठराव त्याच्या गल्लीचा होता, बोलायचा हक्क पहिला त्याचा. तो मूग गिळून बसला. ठराव एकमताने फेटाळला गेला.

सभा संपताना साहेब उठला. चार शब्द बोलायची त्याने परवानगी मागितली, हो, मागितली! आणि तो जे बोलला ते ऐकून मेंबरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो इंग्रजीत बोलत गेला आणि कारकून अर्थ सांगत गेला: "माझं मत नळाच्या बाजूचं होतं. कारंजं मला फुकटचा खर्च वाटतो. पण मी मुद्दाम गप्प बसलो. तुम्ही माझा कल काय असेल याची पर्वा न करता आपल्या मनाने ठरवलं. मी वर तसं कळवणार आहे." मग तो टेबलाला वळसा घालून रंगाऱ्यापाशी आला आणि त्याचा निळा हात आपल्या हातात घेतला. "स्वतःच्या गल्लीच्या फायद्यावर पाणी सोडणारा माणूस मी आज प्रथम पाहिला." त्याच्या डोळ्यांत खरोखर आदर होता. रंगाऱ्याने खाली मान घालून 'मेहेरबानी' म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तरी त्याला इतकं लागलं नसतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गल्लीच्या तोंडाशी माणसं उभीच होती. कुणीतरी ओरडलं, "काय मेंबर, तोटी कुठल्या बाजूला?"

रंगाऱ्याने ओठ ओले केले आणि म्हणाला, "साहेबाने मोडता घातला."

एवढंच वाक्य. ते इतक्या सहज आलं की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. गल्ली खवळली. नावाला नवा कायदा, म्हणाले लोक, दोरी अजून त्यांच्याच हातात. म्हाताऱ्यांनी साहेबाच्या सात पिढ्या काढल्या. कुणी रंगाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, "तू तरी काय करणार एकटा." तो हात त्याला पाठीवरून झटकून टाकावासा वाटला. पालथी घातलेली घागर आक्काने उचलली, आतली धूळ फुंकली आणि नदीकडे निघाली.

मधले काही दिवस रंगाऱ्याने मान वर केली नाही. कढईत काठी फिरवत राही. रंग पक्का बसला की सुटत नाही, हे तो गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने सांगत असे. आता सांगेनासा झाला.

आणि मग एका सकाळी साहेब घोड्यावरून गल्लीत आला. गल्ली बघायला, नव्हे, रंगाऱ्याला भेटायला. लोक दारांतून बाहेर आले, पण कुणी सलाम केला नाही. साहेबाला आमची भाषा मोडकीतोडकी यायची, आणि ती बोलायची त्याला हौस दांडगी. लगाम धरून तो मोठ्याने म्हणाला, "हा तुमचा मेंबर मोठा माणूस आहे. मला वाटत होतं, नळ इथे यावा. मी बोललो नाही. त्याने नको म्हणून हात वर केला. मी पाहिला, निळा हात! गावासाठी केलं. तुम्ही त्याला मान द्या."

टोपीला हात लावून तो निघून गेला. घोड्याच्या टापा ऐकू येईनाशा झाल्या. मग एकेक दार आत लोटलं गेलं. जोरात नाही, हळूच. माणूस मेल्यावर लोक लोटतात तसं.

रंगारी घरात गेला. आक्का चुलीपुढे बसली होती, गुडघा लांब करून.

"खरं बोलतो का तो?" तिने विचारलं.

"हात वर केला ते खरं."

"किती घेतलेस?"

"आक्का, शपथ घेऊन सांगतो, कुणाकडून काही घेतलं नाही."

"मग?"

मग त्याने सांगितलं. उकडत होतं ते, साहेबाचा हात, शेटजींचा हात, पंखा. सांगताना त्याला तिच्याकडे बघवेना. तो चुलीतल्या राखेशी बोलत राहिला. त्याला वाटलं होतं, ती हसेल. त्या नकलेला हसली होती तशी हसली तर बरं, सगळं थोडं हलकं होईल.

आक्का हसली नाही. "म्हणजे पंखा हलावा म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, विकला गेलास." तिने गुडघ्यावरून हात फिरवला. "विकला गेला असतास तर बरं होतं रे धाकट्या. निदान काही किंमत तरी आली असती."

त्या रात्री तो जेवला नाही, आणि तिने जेव म्हटलं नाही.

एक वाट अजून होती. कमिटीचा कारकून भला माणूस. रंगारी त्याच्याकडे गेला. कारकून म्हणाला, "पुढच्या सभेत मागच्या सभेचं काम वाचून कायम करतात. त्याआधी कुणी मेंबर उठून म्हणाला, की माझं मत चुकून तसं पडलं, तर पुन्हा मत घेता येतं. एकदा कायम झालं की मात्र संपलं. नळी कारंज्याला जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण उठायला हवं कुणीतरी."

"मी उठतो," रंगारी म्हणाला. घरी येऊन त्याने आक्कालाही सांगितलं, "उद्या सगळं उघड बोलतो. अब्रू गेली तर गेली." आक्काने नुसती मान हलवली. पण सकाळी त्याचा सदरा धुऊन, झटकून, खुंटीवर लावलेला होता.

सभेला साहेब नव्हता. त्याची खुर्ची होती. वकिलांच्या हातात वरून आलेलं एक पत्र होतं, आणि ते वाचताना त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा दिसत होता. या कमिटीने दाखवलेला स्वतंत्र बाणा पाहून सरकारला समाधान वाटलं आहे, असं पत्रात होतं. म्हणून गावची शाळा आणि इस्पितळ यांचा कारभारही यापुढे कमिटीच्या हाती द्यायचा विचार आहे. इतर गावांनी या मेंबरांचा कित्ता गिरवावा, असंही होतं. कुणी टाळी वाजवली नाही.

"मागच्या सभेचं काम कायम करू या," वकील घाईने म्हणाले. "कुणाची हरकत?"

रंगाऱ्याने हात वर केला. आक्काला शब्द दिला होता म्हणून केला. पण करण्याआधी त्याची नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली होती, हे त्याला हात वर गेल्यावर कळलं. आणि त्याने इकडेतिकडे पाहिलं तर टेबलाभोवतीचे सगळेच त्याच्याकडे नव्हे, खुर्चीकडे बघत होते.

"माझी हरकत आहे," तो म्हणाला. "मागच्या खेपेला माझा हात..."

"थांबा," वकील म्हणाले. उठून ते त्याच्याजवळ आले आणि कानाशी वाकले. "मला माहीत आहे तुम्ही काय सांगणार. माझाही हात वर होता. मला झोप लागत नाही. पण तुम्ही ते बोललात की हे पत्र रद्दी झालं. पंखेवाल्याच्या खुणेवर कारभार करणारी माणसं, असं वरपर्यंत होईल. शाळा जाईल, इस्पितळ जाईल, पुन्हा साहेब येऊन खुर्चीत बसेल, आणि या वेळी त्याचं काही चुकलेलं नसेल. एका नळासाठी? सांगा तुम्हीच. तुम्ही म्हणाल तसं करू."

तुम्ही म्हणाल तसं करू. उभ्या आयुष्यात त्या खोलीत रंगाऱ्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. आजही मला कळत नाही, वकिलांचं चुकलं कुठे. त्यांच्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता. रंगाऱ्याने शेटजींकडे पाहिलं; शेटजींनी हात जोडले. डॉक्टरांकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर बघत होते. सांगणारं कुणी नव्हतं. आणि ज्याला वर्षभर कुणीतरी सांगायची सवय लागली, त्याने आपल्या मनाने ठरवावं कसं?

"हरकत मागे घेतो," तो म्हणाला आणि बसला.

कारंजं झालं. दगडी कुंड, मधे तोटी, आणि पाणी माणसाच्या उंचीपेक्षा वर उडायचं. उद्घाटनाला साहेबाला बोलावलं. पांढरे कपडे घालून मेंबर कचेरीच्या पायऱ्यांवर ओळीने उभे राहिले. शाळा-इस्पितळाचा कारभार मिळाल्याचं साहेबाने तिथेच जाहीर केलं. वरच्या सज्जात चहा मांडला होता, म्हणून साहेब आणि वकील जिना चढून वर गेले. बाकीचे पायऱ्यांवर रेंगाळले.

तेव्हा चौकाच्या कोपऱ्यातून आक्का आली. डोक्यावर रिकामी घागर, मागे गल्लीतल्या दोघी-तिघी. सरळ कुंडाशी गेली, वाकली आणि घागर पाण्यात बुडवली. घागरीचा बुडबुड आवाज पायऱ्यांपर्यंत ऐकू आला. पहारेकरी काठी घेऊन पुढे सरसावला आणि अर्ध्यावर थांबला. त्याने मेंबरांकडे बघितलं: हाकलू की नको? मेंबरांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. पहारेकरी काठी टेकून उभा राहिला.

घागर भरली. आक्काने ती कुंडाच्या कडेवर ओढून घेतली, पण गुडघा दुखरा. डोक्यावर काही घेता येईना. मागच्या बाया पुढे झाल्या, तर तिने त्यांना थांबवलं. पायऱ्यांवरच्या पांढऱ्या रांगेत तिने आपला भाऊ शोधला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ए धाकट्या, जरा हात लाव."

रंगारी पायऱ्या उतरला. दुसऱ्या कुणाच्या आधी उतरला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. कुंडापाशी आला, वाकला, दोन्ही हात घागरीखाली घातले. आणि उचलायच्या आधी त्याची मान वळली. वर, सज्जाकडे. तिथे कुणी बघत नव्हतं. साहेबाची पाठ होती, वकील चहा ओतत होते.

मान खाली आली तेव्हा आक्का त्याच्याकडेच बघत होती. अगदी जवळून, लहानपणी ताप आला की कपाळ बघायची तशी.

"बघून झालं?" ती हळूच म्हणाली. "मग आता उचल."